अखातीजच्या आधीचा आंबा

माही नातसून मिक्सर लावते तवा मी आपली खाट घेऊन मागच्या वऱ्हांड्यात जाते. तो आवाज आता सहन नाई होत. नातू सेवाग्रामले दवाखान्यात कामाले आहे. त्याच्या संगचे लोकं, त्याइच्या बाया, पोट्टे, असे सगळे उन्हाळ्यात आयतवारी आमच्या गच्चीवर जमतात. नातसून आदल्या दिवशीच आंबा, पपई, खरबूज, अंगूर कापून फ्रिजच्या वरच्या खनात गोठवाले ठेवते. लोकं आले की ते गोट्यासारखे तुकडे मिक्सरात फिरवते अन् काचेच्या गिलासात वाढते, वरून पुदिन्याचं पान. त्याले ते काकटेल म्हनते. मले पह्यल्यांदा वाटलं दारूच आहे. ते हासली, म्हने, "आजी, फळंच आहेत नुसते. चाखून तर पाहा." चाखून पाहा असं कोनी म्हनलं का माहा उजवा खांदा दुखाले लागते. डाक्टर म्हनते वयाचं दुखनं आहे. असंन. पन मले माहीत आहे ते कुठचं आहे. मी चवथीपर्यंत शिकली, लिहिन्यात चुका होतीन, पन हे लिहून ठेवाव वाटलं म्हनून बसली.

आमी हिंगनघाटले राहू. बाबा कापसाच्या बाजारात हमाल होता. उन्हाळ्यात कापूस सरला, जिनिंग बंद झालं, का त्याले काम नसे. मंग तो संचा काढे. संचा म्हनजे लाकडाची मोठी बादली, तिच्या मधात कथिलाचा उभा डबा, डब्यात लाकडाचा पंखा अन् वरून फिरवाचा लोखंडी दांडा. डब्यात फळाचा रस अन् बारीक चिरलेले फळं, भवताल बादलीत बर्फ अन् मोठं मीठ. दांडा फिरवत राहाचा. आधी हलका जाते, मंग जड होते, मंग दोन्ही हातानं बी हालत नाई, तवा समजाचं का जमलं. वाटीत काढलं तर ना पातळ ना घट्ट, चमच्यानं खावं अन् खालचं तोंड लावून पिऊन घ्यावं. त्या काळी ज्याच्या घरी पाहुने, साखरपुडा, बारसं, तिथं शेठ लोकं बाबाले बोलवत. गच्चीवर पानी मारलेलं राहे, गाद्या टाकलेल्या राहेत, अन् मागच्या आंगनात बाबा दांडा फिरवत बसे. मी संग जाये. बादलीच्या बाजूले एक भोक होतं, त्यातून खारट पानी गळे. तिथं कुत्रं येऊन जीभ लावे अन् मागं सरे. ते पाहून मी हासो. बाबा मधामधात एक काडी घेऊन त्या भोकात फिरवे. काऊन फिरवते, असं म्या त्याले कधी इचारलं नाई. लहानपनी मोठ्याइचे हात आपन पाहातो, पन इचारत नाई.

शेवटी तो झाकन उघडे, करंगळी बुडवून चाखे, डोळे बंद करे अन् म्हने, "चाल, वाढा." माह्यासाठी तेच मोठं होतं. चाखल्यावर तो माह्या नाकाले थंड बोट लावे.

एका थंडीत बाबा गेला. ताप आला, छातीत भरला, अन् गेला. त्याचं जास्त लिहित नाई. घरात माय अन् मी राह्यलो. अंबाडीची भाजी अन् जवारीची भाकर, अन् कधी नुसती भाकर पान्यात कुस्करून. संध्याकाळी गल्लीत कोनाच्या बी चपलेचा आवाज आला का माय मान वर करे, अन् मंग खाली करे.

मामा केळझरचा. तो येऊन बसला अन् म्हने, हे खोली सोड, माह्या संग चाल, वावरात मजुरीले जाशील, पोट्टी ढोरं पाहीन. मामा वाईट मानूस नोहता. पन मामी होती, अन् मामीच्या घरी भाकर वाढताना आवाज कसा येते ते माय एकदा ऐकून आलती. संच्याले गिऱ्हाईक बी मामानंच आनलं. जाम गावाच्या फाट्यावर एक हाटेलवाला होता, त्याले संचा पाह्यजे होता. संच्यावर पोतं झाकलेलं होतं, ते मायनं जरा सारखं केलं अन् म्हनली, "भाऊ, एक उन्हाळा पाहू दे. नाई जमलं तर अखातीजले तू घागर भराले येशीनच, तवाच आमाले घेऊन जाजो."

अखातीज म्हनजे अक्षय तृतीया. त्या दिवशी आमच्याकडं मेलेल्या मानसाच्या नावानं मातीची नवी घागर पान्यानं भरतात, वरून आंबा ठेवतात, पुरनपोळी, कुरडी, चिंचवनी करतात. तोपर्यंत घरात कोनी आंबा तोंडात घालत नाई. आधी त्याइचा, मंग आपला. आता माह्या घरात कोनी पाळत नाई. बाजारात आंबा आला का घरी येते. मी बोलत नाई. बोलून थकली का म्हनलं तरी चालन.

तर शेठ लोकाइच्या घरी गोष्ट गेली का हमालाची बाई यंदा सोता संचा घेऊन येनार आहे. बाजूची काकी मायले तोंडावर म्हने, "तुह्या मनगटात जीव किती वो? दांडा तुले फिरवन का तू दांड्याले?" गल्लीतल्या बाया हासल्या. माय बी हासली. तिले त्या दिवसाइत कोनासंग भांडाची ताकत नोहती.

पह्यलं काम आलं ते एका आडत्या शेठाच्या घरून. त्याइच्या पोरीले पाह्याले अमरावतीचे लोकं येनार होते. शेठानी बाई मायले म्हने का आंब्याचं पाह्यजे. दक्षिनेकडून रेल्वेनं बैंगनपल्लीची पेटी आली आहे, रस आंब्याचा अन् आत पपई, खरबूज, अंगूर. पाहुने येनार होते अखातीजच्या आदल्या दिवशी. माय जराशी थांबली. बाबा अखातीजच्या आधी आंब्याचं काम कधी घेत नोहता. खरबूज करे, संत्र करे, पन आंबा म्हनलं का म्हने, अखातीज होऊ द्या, मंग या. आमी समजो का आधीचा आंबा आंबट राह्यते म्हनून असंन. मायनं मान हालवली अन् काम घेतलं. रस्त्यानं मले म्हने, "हात लावनं म्हनजे खानं नाई." ते तिनं मले सांगितलं का सोताले सांगितलं, मले समजलं नाई.

दुपारी आमी शेठाच्या मागच्या आंगनात बसलो. बर्फाची लादी कारखान्यातून आलती, पोत्यात गुंडाळलेली, भवताल लाकडाचा भुसा. उन्हानं आंगनाच्या फरश्या पोळत होत्या. आमी आंबे कापले. तुमाले सांगते, तो वास. सहा महिने तोंडाले गोड लागलं नोहतं. रस मनगटावरून कोपरापर्यंत आला, अन् मी हात तोंडाजवळ नेला, नेला म्हनजे आपोआप गेला, तर मायनं ओल्या फडक्यानं माहा हात पुसून घेतला. मंग जवा जवा रस ओघळला तवा तवा तिनं पुसला. सोताचा हात बी पुसला. अंगूर मले खाऊ दिले, पपईचे तुकडे दिले. आंबा नाई.

मंग लादी फोडाची वेळ आली. बाबा लादीवर आधी लोटाभर पानी मारे, सगळा भुसा धुऊन काढे, मंग फोडे. मायले वाटलं पानी मारलं तर बर्फ विरघळन, उन्ह किती आहे, पुराले पाह्यजे. तिनं भुसा हातानंच झाडला. झाडला तरी तो चिकटलेला राह्यतेच. तसाच बर्फ बादलीत भरला, मीठ टाकलं, अन् आमी दांडा फिरवाले लागलो. आधी माय, मंग मी, मंग दोघी. माहे हात तवा काडीसारखे होते. मधात एकदा मले दिसलं का भोकातून पानी गळनं बंद झालं. मले बरंच वाटलं. वाटलं बर्फ घट्ट धरला, काम झालं. कुत्रं बी तिथून उठून गेलं.

दांडा जड झाला. मायनं झाकन काढलं. वर पिवळाजर्द, अन् त्यात पपईचे लाल तुकडे, हिरवे अंगूर, असं दिसे का बस. शेठानी बाई येऊन पाहून गेली, खूश झाली. माय तिले म्हनली, "बाई, एक वेळ तुमी चाखून घ्या. आमच्या घरची घागर उद्या आहे, आमाले आंबा चालत नाई."

शेठानी म्हने, "आमच्याइथं आधी ठाकुरजीले भोग चढते. त्याच्या आधी घरातलं कोनी चाखत नाई. अन् मंग पाहुन्याच्या आधी बी नाई. तुजा नवरा देत होता न चाखून, ते चालून जाय."

आता पाहा. आमाले मेलेल्याच्या आधी चालत नाई, त्याइले देवाच्या आधी चालत नाई. एवढ्या मोठ्या घरात, एवढ्या मानसाइत, त्या डब्यात बोट बुडवनारं कोनीच नोहतं. चांदीच्या वाटीत देवाले ठेवलं. देवानं काही तोंड वाकडं केलं नाई. मंग वाट्या भरून गच्चीवर गेल्या.

आमी खाली जिन्यापाशी बसलो. वरून आवाज ऐकू येत होते, हासनं, पोट्ट्याइचं धावनं, मंग वाट्यात चमचे वाजले. मंग चमचे वाजले नाई. माय माह्याकडं पाहाले लागली. वरून एक जाडा आवाज आला, मुलाकडचा काका का कोन होता. तो म्हने, "शेठजी, फळं वावरातलेच आहेत न, का समुद्रातून आनले?" अन् त्याइचे लोकं हासले. इकडचं कोनी हासलं नाई.

शेठानी बाई वाटी घेऊन खाली आली. तिच्या मागं तिची सासू, तिले सगळे मांजी म्हनत. म्हातारी होती, हातात जपमाळ, बोले कमी. शेठानीचं तोंड लाल झालतं. तिनं वाटी मायच्या तोंडासमोर धरली.

"काय टाकलं यात? चाख."

माय उभी राह्यली. हात पदराले पुसले. म्हनली, "बाई, उद्या चाखीन. आज नाई."

"माह्या पोरीचं लगन मोडाले लागलं अन् तुले उद्या सुचते? चाख म्हनते न."

"तुमचं खरं आहे. पन त्याच्या आधी माह्या तोंडात नाई जात."

मी मायचा पदर धरून होती. मले वाटून राह्यलं होतं का आता चाखावं तिनं, एक बोट, काय होते, बाबा काही पाहाले नाई आला. पन माय हालली नाई. मांजी मागून म्हनली, "खारं आहे. नमक गेलं आत." अन् जपमाळ फिरवत निघून गेली.

तवा मायनं संच्यापाशी जाऊन बादलीत झाकनापर्यंत चढलेल्या पान्यात बोट बुडवलं अन् ते चाखलं. ते नुसतं मिठाचं पानी होतं, त्याले काही बंधन नोहतं. मंग वाकून भोकात काडी घातली. भुश्याचा एक गोळा निंगाला अन् त्याच्या मागं पान्याची धार लागली, थांबेच ना. भोक बुजलं होतं, खारट पानी वर चढून झाकनातून आत गेलतं. माय त्या धारीकडं पाहात बसली. मंग म्हनली, "म्हनून तो आधी घेत नोहता वो." मले तवा समजलं नाई. रस्त्यानं समजलं. बाबाचा आंबा आंबट नोहता. त्याले चाखता येत नोहतं, म्हनून तो काम घेत नोहता. अन् ते काडी फिरवनं, लादी धुनं, सगळं आमी रोज पाह्यलेलं होतं, पन पाह्यलेलं अन् येनं ह्या दोन गोष्टी आहेत.

त्या दिवशी आमाले रिकाम्या हातानं काढून देल्लं. त्याचं मी काही म्हनत नाई. उरलेला अर्धा बर्फ, खरबूज अन् पेटीतले काही आंबे मात्र शेठानीनं रागानंच म्हनलं घेऊन जा, आमाले आता नको. आमी ते डोक्यावर घेऊन आलो. बातमी आमच्या आधीच गल्लीत पोचलती. काकी दारातच होती. म्हने, "लोनचं टाकाचं होतं तर सांगाचं न, बरनी देल्ली असती." बाकीच्या घराइतून निरोप यायला लागले का आमचं राहू द्या. बर्फाचं पोतं खोलीच्या कोपऱ्यात, सावलीत, मायनं आनखी भुसा लावून, फाटकी गोधडी टाकून ठेवलं.

सकाळी मामा आला. केळझरच्या गनपतीचा अंगारा आनलता, मायच्या कपाळाले लावला अन् संच्याकडं पाहून म्हने का जामचा मानूस उद्या येईन. माय म्हनली बरं. घागर भरली. वरून आंबा ठेवला, पुरनपोळी ठेवली, बाबाचं नाव घेतलं. तिचा आवाज कोरडा होता, रडली नाई. मंग मामा जेवाले बसाची वाट पाहून राह्यला होता, तर माय उठली अन् बर्फाचं पोतं ओढत बाहेर कडूनिंबाखाली नेलं.

लोटाभर पानी मारून लादी धुतली. भुसा पूर्न गेला का ते हातानं चाचपून पाह्यलं. बर्फ पानी मारल्यानं काहीच विरघळला नाई, असा कसा तो विरघळन. कालच्या आंब्याचा रस काढला, उरलेलं खरबूज चिरलं, काकीच्या घरून एक केळं मांगून आनलं. काकीनं केळं देल्लं, तोंड वाकडं करून देल्लं पन देल्लं. आमी दांडा फिरवला. मी भोकाजवळ काडी घेऊन बसली अन् पानी थांबलं का फिरवो. मामा आधी म्हने काय पागल झाली का, मंग तोच सदरा काढून दांड्याले बसला. तो दमला तवा म्हने, "दाजी हे रोज करत होते?" माय म्हनली, "हो."

झाकन काढलं. पह्यली वाटी घागरीपाशी ठेवली. मंग मायनं करंगळी बुडवली अन् चाखली. डोळे तिनं बी बंद केले. म्या तिच्याकडं पाह्यलं तर मले बाबाच दिसला, खरं सांगते. उघडल्यावर ते म्हनली, "मीठ नाई." गल्लीतले पोट्टे तोवर वाट्या घेऊन उभे होते, बाया आल्या, काकी आली. पंगतीसारखे सगळे निंबाखाली बसले. चमचे वाजत राह्यले. चमचे वाजत राह्यनं म्हनजे काय असते ते मले आदल्या दिवशी कळलं होतं.

मायनं एक वाटी भरली, वरून ताट झाकलं अन् मले म्हने, "कुसमे, पळत जा. शेठाच्या घरी दे. सांगजो, आज आमी चाखलं." मी तशीच पळाली. पाय पोळत होते, चप्पल नोहती. रस्त्यात पाहात होती का विरघळलं तर नाई. शेठाच्या मागच्या दारात मांजी एकटीच बसली होती. म्या वाटी समोर ठेवली अन् सांगितलं तसं म्हनलं. तिनं माह्याकडं पाह्यलं नाई. देवघरात घेऊन गेली, घंटी वाजली, मंग परत येऊन बसली अन् खाल्लं. हळूहळू, सगळं. वाटीले जे लागलं होतं ते बी बोटानं पुसून घेतलं. मंग उठून आत गेली. आमच्याइकडं कोनाची वाटी रिकामी परत करत नाई, तसं त्याइच्याइकडं बी असंन. तिनं वाटीत मूठभर मोठं मीठ टाकून आनलं अन् माह्या हातात देल्लं. मले रडूच आलं. वाटलं तोंडावर मारलं हिनं.

मांजी म्हने, "तेरी मायले सांग, हे डब्याच्या बाहेरच्या बाजूनं टाकजो म्हना. सोमवारी संचा घेऊन या. तेच लोकं परत येऊन राह्यले, पोरगी पसंत आहे."

मी वाटी घेऊन घरी आली. मामानं वाटीत पाह्यलं अन् म्हने हे काय अपमान आहे का? मायले म्या मांजीचं बोलनं जसंच्या तसं सांगितलं. ते त्या मिठाकडं पाहात राह्यली. मंग हासली, थंडीपासून पह्यल्यांदा, आवाज न करता. म्हनली, "भाऊ, जामच्या मानसाले सांगजो, संचा नाई."

मले तवा वाटलं आपन जिंकलो. जिंकलं काय, तर तो दांडा. त्याच्या मागं कितीतरी उन्हाळे माय अन् मी तो फिरवत राह्यलो. माय थकली, मंग मी एकटी. माहं लगन झालं तरी उन्हाळ्यात मी तोच दांडा फिरवाले हिंगनघाटले येऊन राहो. संच्याच्या पट्ट्या सडल्या तवा दुसऱ्या बसवल्या, डब्याले कल्हई करून आनली, खांद्याले मात्र कोनी काही केलं नाई. मायले कोनी म्हनलं, का तवाच केळझरले गेली असती तर बरं होतं का, तर ते म्हने, माहीत नाई. मले बी माहीत नाई. दुखते तवा वाटते बरं होतं. मंग मामीच्या हातातल्या भाकरीचा आवाज आठवते.

त्या दिवशी मायनं ते मीठ मडक्यात ओतून ठेवलं, वाटी घासली, अन् मले म्हने, हात धुऊन घे, आता खा. घागरीवरचा नाई, दुसरा एक आंबा तिनं माह्या हातात देल्ला. त्या सालचा पह्यला आंबा. मी निंबाखाली बसली, तो चोखाले आधी हातानं मऊ करत होती, जसा बाबानं शिकवलता तसा, अन् तशीच झोपली. उठली तवा उन्ह उतरलं होतं, गल्ली रिकामी होती, अन् आंबा हातातच होता. मायनं तो काढून घेतला नोहता. माह्या हातावर नुसतं ओलं फडकं टाकून ठेवलं होतं, मुंग्या लागू नये म्हनून.